मोठा आकडा आणि लांबचा रस्ता

गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्या ओसरीवर येऊन बसला. हातात जड वाहनाचा परवाना होता, घरी पत्नी, लहान मूल आणि दम्याने बेजार झालेले वडील होते, आणि डोक्यावर सोसायटीचे साठ हजारांचे कर्ज होते. त्यास दोन ठिकाणांहून बोलावणे आले होते. एक भाजीच्या व्यापाऱ्याकडून : रात्री दोन वाजता बेळगावहून निघावे, चोर्ला घाट उतरून पहाटे गोव्यात भाजी पोचवावी आणि दुपारी जेवणास घरी यावे, महिना 18,000 रुपये. दुसरे एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून : बेळगावच्या कारखान्यांतील ओतीव माल घेऊन अहमदाबाद, जयपूरपर्यंत जावे, 17,000 पगार आणि दर फेरीस 5,000 भत्ता. आठ दिवसांची एक याप्रमाणे महिन्यास तीन फेऱ्या धरल्या, तर 32,000.

"फादर, काय करू सांगा की," तो म्हणाला. घरच्यांचे मत अर्थातच बत्तीस हजारांकडे होते.

वाचकहो, काही वर्षांपूर्वी असाच प्रश्न दुसऱ्या एका तरुणाने आम्हांस विचारला होता, आणि आम्ही क्षणभरही विचार न करता मोठ्या आकड्याच्या बाजूने कौल दिला होता. शिफारसपत्रही आम्हीच लिहून दिले. 2019 साली त्याच्या वडिलांचे निधन झाले, तेव्हा तो परराज्यातील एका गोदामाच्या फाटकाशी भरलेल्या ट्रकसह तिसऱ्या दिवसाची वाट पाहत उभा होता. माल उतरल्याविना गाडी सोडता येईना, आणि बदली चालक मिळेना. आम्ही दफनविधी सायंकाळपर्यंत थांबविला. त्याहून अधिक थांबविणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी तो आला आणि ओल्या मातीपाशी उभा राहिला. त्याने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच आम्हांस अधिक जड गेले.

म्हणून या वेळी उपदेश न करता आम्ही कागद व पेन्सिल घेतली. चोवीस दिवस रस्त्यावर राहावयाचे, म्हणजे धाब्यावरील दोन वेळचे जेवण व चहा मिळून दिवसास तीनशे रुपये. त्याचे झाले 7,200. आंघोळ, फोन, माल उतरविणाऱ्यांची चहापाण्याची रक्कम, किरकोळ पंक्चर मिळून 2,300. बत्तीस हजारांतून हे साडेनऊ हजार वजा जाता हाती उरले 22,500. घरी जेवणाऱ्याचे 18,000. चौदा हजारांचा दिसणारा फरक साडेचार हजारांवर आला.

मग तास मोजले. गोव्याच्या फेरीत दहा तासांचे सव्वीस दिवस, म्हणजे तासास सुमारे 69 रुपये. लांबच्या मार्गावर चौदा तासांचे चोवीस दिवस धरले, तर सुमारे 67. आणि एखाद्या महिन्यात गोदामाच्या रांगेमुळे तीनऐवजी दोनच फेऱ्या झाल्या, तर भत्ता पाच हजारांनी घटतो, खर्च मात्र तितकाच राहतो; हाती येतात 17,500, गोव्याच्या पगारापेक्षाही कमी.

2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराची नाकी उठली. 2021 पासून टोलही फास्टॅगने भरला जातो. रस्त्यावरचा खोळंबा त्यामुळे पुष्कळ उणावला. तथापि गोदामाच्या फाटकावरील खोळंब्यास अद्याप औषध सापडलेले नाही, आणि त्याची झळ बहुधा चालकासच लागते. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली झालेल्या कायद्याने दिवसास आठ तास, लांबच्या मार्गावर फार तर दहा, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि जादा कामास दुप्पट मजुरी ठरवून दिली होती. तो कायदा आता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितेत सामावला आहे. परंतु पाचापेक्षा कमी कामगार असलेल्या मालकास तो लागूच नव्हता, आणि आपल्या भागातील पुष्कळ गाड्या तशाच मालकांच्या असतात. तेथे जे बोलून घ्यावे तेच पदरात पडते.

यास्तव आम्ही त्यास मालकाकडे विचारावयाचे प्रश्न लिहून दिले : खोळंब्याच्या दिवसाचा भत्ता मिळतो काय? मालात तूट आली वा दंड झाला, तर तो कोणी भरावयाचा? सोबत दुसरा चालक असतो काय? उचल घेतल्यास ती किती हप्त्यांत कापतात? भविष्य निर्वाह निधी व विमा आहे काय? घरी कोणी अत्यवस्थ झाल्यास बदली चालक कोण पाठविणार?

आठवड्याने तो परत आला. खोळंब्याचे दिवसास तीनशे आणि अडीअडचणीस बदली चालक, एवढे मालकाने कबूल केले होते; बाकीच्या प्रश्नांना बगल दिली होती. आमच्या मनात होते की हा आता गोव्याची फेरी पत्करील. परंतु त्याचा हिशेब आमच्यापुढे गेला होता. साडेचार हजारांनी साठ हजार फिटण्यास चौदा महिने लागतात. मध्ये फेरी हुकली, तर दीड वर्ष.

"दीड वर्ष जातो, फादर. त्यानंतर चोर्ला घाट. बायकोनं कॅलेंडरावर खूण करून ठेवली आहे बघा."

आम्ही यावर काय बोलणार? लांबचा रस्ता वाईट नव्हे. मुदत ठरवून व हिशेब उघड्या डोळ्यांनी करून जो तो पत्करतो, त्याचा आदरच केला पाहिजे. मात्र घरच्यांनी बत्तीस हजारांचे गणित मांडून खर्च वाढवू नये, आणि मुलगा घरी आला की "या महिन्यास किती?" एवढेच विचारू नये, झोप किती झाली, हेही विचारावे.

जाताना त्याने एक चिठ्ठी आमच्या हाती दिली. तीवर मालकाचा व बदली चालकाचा फोन क्रमांक लिहिलेला होता. "बाबांना काही झालं, तर आधी यांना फोन करा, मग मला."

ती चिठ्ठी आम्ही आमच्या मेजाच्या खणात नव्हे, तर फोनजवळच्या भिंतीवर लावून ठेवली आहे.