खाडा

आपण झोपलेले असताना आपले काम दुसरे कोणी तरी परस्पर करत आहे, यासारखे सुख नाही. पूर्वी हे सुख राजेरजवाड्यांना मिळे. पुढे ते मोठ्या साहेबांना मिळू लागले. त्यांना तर ते जागेपणीही मिळे. गेल्या वर्षी ते मला मिळाले. निदान मिळाले आहे, अशा समजुतीत मी एकवीस दिवस काढले.

त्याचे असे झाले. माझे वडील रोजनिशी लिहीत. १९५४ ते १९८८, वर्षाला एक वही. रोजनिशी म्हटल्यावर आत्मचिंतन, मनाची घालमेल वगैरे कोणाच्या डोळ्यांपुढे आले असेल, तर ते त्यांनी पुसून टाकावे. दिवसाला एक ओळ, फार तर दोन. ‘पाऊस. रॉकेल संपले.’ ‘धाकटीचे लग्न ठरले. छत्री हरवली.’ दोन्ही घटनांवर शाईचा खर्च सारखाच. या वह्यांना वाळवी लागली आहे हे लक्षात आले, तेव्हा माझा भाचा चार दिवस येऊन राहिला. त्याने पानन् पान मोबाइलवर टिपले, वर्षवार फोल्डर करून माझ्या संगणकात घातले, आणि वह्यांचा उरलेला भुगा सौ.ने नमस्कार करून बाहेर टाकला.

“मामा, आता हे एकाच ठिकाणी ठेवायचं नाही,” भाचा म्हणाला. त्याने फळीवर एक छोटी डबी आणून ठेवली. डबी म्हणजेही संगणकच, फक्त त्याला तोंड नव्हते. त्या डबीत आरसिंक नावाचा प्रोग्राम होता. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी तो १९९६ साली ऑस्ट्रेलियात लिहिला. त्याची खुबी अशी की, तो रोज सगळे सामान उचलत नाही. कालच्यापेक्षा आज काय वेगळे आहे तेवढेच नेतो. बदली होऊन गेलेल्या बिऱ्हाडाची सुई राहिली असेल, तर तो फक्त सुई न्यायला येतो. पहिली कॉपी भाच्याने स्वतः करून दिली. “रोज कधी करायची ती वेळ तेवढी तुम्ही घाला,” असे सांगून तो बंगळूरच्या गाडीत बसला.

वेळ घालण्यासाठी क्रॉन नावाची सोय असते. त्याचे पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मला आनंदच झाला. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण अशी पाच अंगे पाहत आलेल्या घराण्याला पाच खान्यांचे काय भय? रात्री दोनची वेळ मला प्रशस्त वाटली. तासाच्या खान्यात मी दोन लिहिले. बाकीच्या खान्यांत काही लिहायचे नसेल, तर तारा काढायचा असतो, असे भाच्याच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटत होते. लग्नाच्या फॉर्मात ‘अपेक्षा’ या रकान्यात रेघ मारतात, त्या भावनेने मी चार तारे काढले. तारा, दोन, तारा, तारा, तारा. दिसायलाही शोभिवंत दिसले.

शेवटी प्रोग्रामने प्रश्न केला की, केलेल्या कामाची नोंद किती तपशिलाने ठेवू? आता नोकर जर स्वतःहून विचारतो आहे, तर ‘थोडक्यात सांग’ असे कोण म्हणेल? मी सर्वांत वरची पायरी निवडली. मग दिवा मालवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी ती नोंद, म्हणजे लॉग, उघडून पाहिला. दोन वाजता काम सुरू. दोन वाजून एक मिनिट, पुन्हा काम. दोन वाजून दोन मिनिटे, पुन्हा. असे दोन एकोणसाठपर्यंत. मला गहिवरून आले. आपल्या कचेरीत असा एक माणूस असता तर! ओळी सगळ्या इंग्रजीत आणि बाराशेच्या वर होत्या, त्यामुळे वाचल्या नाहीत. एवढे ज्याने लिहिले त्याने काम केलेच असणार, हा आपल्याकडचा जुना विश्वास. परीक्षेत पुरवण्या आम्ही याच विश्वासावर जोडत आलो.

त्यानंतर एका दुपारी मी संगणकात साफसफाई काढली. ‘१९६१’ आणि ‘१९६१ नवे’ असे दोन फोल्डर दिसले. नवे असताना जुने कशाला, म्हणून जुने पुसले आणि त्याच उत्साहात केराची टोपलीही रिकामी केली.

तीन आठवड्यांनी माझ्या नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी विचारले, “आजोबा, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आपलं घर कुठं होतं?” मी ऐटीत म्हणालो, “थांब, पणजोबांच्या हातचंच दाखवतो.” ‘१९६१ नवे’ उघडले. आत काहीही नव्हते. फोल्डर खरोखरच नवा होता.

भाच्याला फोन लावला. मी सांगितले, “इथलं गेलंय, पण काळजी नाही. डबीत असेलच.” पलीकडे जरा वेळ काही ऐकू आले नाही.

“मामा, डबी आरशासारखी लावलीये. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.”

आरशाची उपमा मला तत्काळ पटली. आरशासमोरून माणूस उठला की आरशातलाही उठतो. मागे थांबून ‘अहो, काही विसरलात का’ असे विचारत नाही. मागे राहतो तो फोटो. मी मात्र एकवीस दिवस आरशालाच फोटो समजून हार घालत होतो. वह्यांचा भुगा डोळ्यांपुढे आला, आणि वडिलांचे एक अख्खे वर्ष माझ्या हाताने बुडाले, या विचाराने मी खुर्चीत मटकन बसलो.

“लॉगची शेवटची ओळ वाचा,” भाचा म्हणाला.

मी चष्मा लावून वाचली. ‘नो रूट टू होस्ट’.

“म्हणजे रस्ता नाही. त्याच्या आदल्या मिनिटाला?”

रस्ता नाही. त्याच्या आधी? रस्ता नाही. काल? परवा? एकवीस दिवस, रोज साठ वेळा, त्या बिचाऱ्याने लिहून ठेवले होते की रस्ता नाही. आणि ती एक ओळ मीच मागितलेल्या पंचवीस हजार ओळींत बुडाली होती.

उलगडा होत गेला. तारा म्हणजे ‘काहीही चालेल’ नव्हे. तारा म्हणजे ‘प्रत्येक’. दोनच्या तासातले प्रत्येक मिनिट! शिवाय डबीचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर. तिथे दोन, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात.

“साडेसातला घरात काय होतं मामी?” भाच्याने विचारले.

“मिक्सर,” सौ. म्हणाली. “यांचं ते दिव्यांचं यंत्र काढून तिथं मिक्सर लावते. साडेआठला डबे भरून झाले की परत लावते. हे पेपर वाचत असतात, यांना कुठं कळतंय?”

दिव्यांचे यंत्र म्हणजे राउटर. डबी घाम गाळून साठ वेळा दार ठोठावत होती, नेमक्या त्याच तासात खोबऱ्याची चटणी वाटली जात होती. एकही कॉपी झाली नव्हती. म्हणून मी केलेली पुसापुसीही तिथवर पोचली नव्हती. डबी उघडली. ‘१९६१’ जागच्या जागी, सुखरूप!

भाच्याने सगळे नव्याने लावून दिले. घड्याळ भारतीय वेळेवर आणले. मिनिटाच्या खान्यात शून्य घातले. इकडे पुसलेले तिकडे लगेच नाहीसे न करता, तारखेच्या वेगळ्या फोल्डरात तीस दिवस सांभाळायचे. माणसाला पश्चात्ताप व्हायला तेवढा वेळ लागतो. “आणि मामा, लॉग कमी करा. बिघडलं तरच लिहू दे.”

“मी तेच करते,” सौ. म्हणाली आणि तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले. दूध आले त्या दिवशी ती काही लिहीत नाही. आले नाही, तर खाडा मांडते. महिन्याला दोन-तीन फुल्या. महिनाअखेरीस दूधवाल्याची आजवर हिंमत झालेली नाही.

आता त्याच कॅलेंडरवर दुधाच्या फुलीशेजारी डबीचीही फुली असते. वाचायला एक मिनिट पुरते.

त्या संध्याकाळी नातीला ते पान दाखवले. १२ जुलै १९६१, बुधवार. ज्या दिवशी निम्मे पुणे पाण्यात होते, त्या दिवशीही वडिलांनी पायरी बदललेली नाही. ‘धरण फुटले. नारायण पेठेत पाणी. शेजारचे नऊ जण माडीवर घेतले. सर्व सुखरूप. दुधाचा खाडा.’