जिस्पाच्या वाटेवर बिऱ्हाड

मनालीत गाडी समोर येऊन उभी राहिली तेव्हा काकूंनी पलंग पाहिला नाही, मोठाल्या काचा पाहिल्या नाहीत. ओट्याखालचा कप्पा उघडून तिथे लोखंडी तवा बसतो का, एवढंच पाहिलं. भोर तालुक्यातल्या भोंगवलीहून निघताना त्यांनी इंद्रायणी तांदूळ, बाजरीचं पीठ, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि कुकर बरोबर घेतला होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं आई-बाबांना जरा मोकळं फिरता यावं म्हणून ही गाडी ठरवून दिली होती. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेलं घरच ते: रात्री पलंग होणारा सोफा, दोन बर्नरची शेगडी, वीतभर बेसिन, टपावर सौर पॅनेल आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढं संडास. तात्या गाडीला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “अगं, आपल्या पहिल्या खोलीपेक्षा मोठी आहे ही.”

मुलानं दाखवलेल्या फोटोंत एक गोष्ट नव्हती. ती म्हणजे चालक. मंडीकडचा पंचविशीतला पोरगा, काकूंना पहिल्या वाक्यापासून ‘माताजी’ म्हणणारा. परदेशी फोटोंत नवरा चालवतो आणि बायको शेजारी नकाशा धरून हसते. आपल्याकडे भाड्यानं मिळणारी अशी मोठी गाडी बहुधा चालकासकटच येते, आणि घाटात ते बरंही असतं. पण मग ‘फक्त दोघांसाठी’ असलेल्या घरात तिसरा माणूस राहायला येतो आणि त्याची गादी मात्र त्या घरात धरलेली नसते.

मनाली ते जिस्पा हा नव्वदएक किलोमीटरचा रस्ता. पूर्वी ३,९७८ मीटरवरची रोहतांग खिंड चढून जावं लागे आणि बर्फ पडलं की लाहौलचं खोरं कित्येक महिने बाकी जगापासून तुटे. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनाली ते लेह हे अंतर ४६ किलोमीटरनं कमी झालं. अलीकडच्या तोंडाशी रिपरिप पाऊस, देवदारांची गर्दी, वायपर चालू. पलीकडच्या तोंडातून बाहेर पडताच लख्ख ऊन आणि उघडेबोडके, तांबूस करडे डोंगर. पीर पंजाल पावसाला अडवून धरतो आणि लाहौलच्या वाट्याला पर्जन्यछाया येते. तात्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. भोरच्या पश्चिमेला हिर्डोशी खोऱ्यात भातखाचरं तुडुंब भरतात आणि महामार्ग ओलांडून भोंगवलीच्या शिवारात यावं तर तोच पाऊस हात आखडता घेतो. फरक इतकाच की इथे ते अंतर नऊ किलोमीटरच्या अंधारात उरकतं. लाहौली शेतकरी वितळत्या बर्फाचं पाणी पाटानं आणून बटाटा आणि वाटाणा पिकवतात. सिस्सूच्या पुढे एका शेताशी तात्यांनी गाडी थांबवायला लावली, पाटाची रुंदी पावलानं मोजली आणि काही न बोलता परत येऊन बसले.

तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात. इथून पुढे ती चंद्रभागा, आणि आणखी खाली गेल्यावर चिनाब. चालकानं नाव सांगितलं मात्र, काकू चप्पल काढून काठाशी उतरल्या. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. भोंगवलीचं पाणी नीरेला जातं, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि मग ते पाणी विठोबाच्या पायाशी पोचतं. तरीही त्यांनी हात जोडले. तात्या वर उभे राहून म्हणाले, “अगं, ही ती नव्हे.” “असू द्या हो,” एवढंच उत्तर आलं. भूगोलाचा आग्रह कुठे सोडायचा, हे काकूंना जास्त कळत होतं असं म्हणावं लागेल.

दुपारी केलाँगच्या अलीकडे मेंढरांचा कळप आडवा आला आणि गाडी अर्धा तास हलली नाही. गद्दी मेंढपाळ होते. अंगात लोकरी चोळा, कमरेला लोकरीच्या दोराचे वेढे आणि चोळ्याच्या घोळात कोकरू. कांगडा-चंब्याकडची ही माणसं उन्हाळ्यात खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणांवर येतात आणि थंडी पडू लागली की खाली उतरतात. भोर तालुक्यातल्या माणसाला हे दृश्य परकं नाही. दिवाळीनंतर वरंध घाटानं कोकणात उतरणारी आणि पावसाआधी परतणारी धनगरांची बिऱ्हाडं तिथल्या रस्त्यांनी नेहमी पाहिली आहेत. पुरुष मेंढरांमागे चरत-चरत जातात. घोड्यावर भांडी, वाघर, कोंबड्या आणि लहान पोर लादून पुढच्या मुक्कामी चूल मांडते ती बाई. फिरतं घर चालतं ते तिच्या अंगावर.

ऊसतोडीचंही तेच. निगडे इथल्या राजगड सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात गाळपाच्या दिवसांत कोप्या उभ्या राहिलेल्या काकूंनी वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या. तिथे हिशेबच जोडप्याचा असतो: नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात जायचं आणि त्याआधी भाकरी थापायच्या, त्या तिनंच. काचेतून मेंढरं बघता बघता काकू म्हणाल्या, “अहो, आपण पैसे भरून पालावर आलोय की.” तात्यांना हसू आलं, पण ते वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कॅरॅव्हॅनच्या जाहिरातीत ‘घरच्यासारखं’ हा शब्द फार असतो. घरच्यासारखं म्हणजे ओटा आला, भांडी आली आणि ती घासणारी आलीच. जॉन स्टाइनबेक १९६० साली असंच घर बसवलेला ट्रक घेऊन अमेरिका फिरायला निघाला, तेव्हा सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा घेतला होता. भांडी कोण घासतं हा वाद त्यानं निदान टाळला.

जेवणाची गोष्ट मात्र जरा थांबून सांगण्यासारखी. रस्त्याकडेला सपाट जागा पाहून काकूंनी भात टाकला. आधी पातेल्यात, कारण त्यांना कुकरचा भात आवडत नाही. पाणी खळखळ उकळत होतं, वाफ काचांवर साचत होती आणि वीस मिनिटांनी शीत दाबून पाहिलं तर आत टचटचीत कणी. तीन हजार मीटरच्या वर हवेचा दाब इतका उतरतो की पाणी शंभरऐवजी नव्वदएक अंशांवरच उकळतं. उकळी दिसते, पण तिच्यात हवा तेवढा ताव नसतो. चिवड्याची बंद पिशवी त्याच कारणानं टम्म फुगली होती. चालक दारात उभा राहून अदबीनं म्हणाला, “माताजी, यहाँ कूकर ही चलेगा.” कुकर आतला दाब वाढवतो म्हणून पाणी पुन्हा शंभराच्या वर तापतं. नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त झाल्या आणि इंद्रायणीचा वास गाडीभर पसरला.

तिसरं ताट वाढलं गेलं ते कुणी न सांगता. चालक संकोचला, मग जेवला, आणि जेवता जेवता त्यानं जे सांगितलं ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. या रस्त्यावर ढाबेवाले प्रवासी घेऊन येणाऱ्या चालकाला फुकट जेवू घालतात आणि रात्री अंथरूणही देतात. प्रवाशांनी स्वतःच्या गाडीतच स्वयंपाक केला की चालकाचं जेवण आणि झोप दोन्ही जातं. मग तो पुढच्या सीटवर पाय दुमडून, जॅकेट अंगावर ओढून रात्र काढतो आणि सकाळी त्याच डोळ्यांनी घाट चालवतो.

त्या संध्याकाळी भागा नदीच्या काठी जिस्पाला शेगडी पेटली नाही. तिघं ढाब्यावर जाऊन राजमा-चावल जेवली, चालकाला भिंतीकडेची उबदार जागा मिळाली आणि काकूंना भांडी घासावी लागली नाहीत. यातल्या कुठल्या कारणासाठी त्यांनी ढाब्याचा आग्रह धरला, हे तात्यांनी विचारलं नाही. तसं दोन्ही कारणं चांगलीच होती. एक प्रश्न तेवढा लटकत राहिला. मागच्या कोपऱ्यातल्या संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, यावर चालकाचं दिवसभर एकच उत्तर होतं, “आगे देख लेंगे.” मुक्कामाच्या तंबूवाल्याकडे शोषखड्डा होता म्हणून निभावलं. तो नसता तर पुढे नदीच होती.

हे सगळं आता लाहौलपुरतं उरलेलं नाही. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आणलं. उद्या भाटघरच्या जलाशयाकाठी किंवा राजगडाच्या पायथ्याला अशा गाड्या लागतील. लागाव्यातही, थोडे पैसे गावात येतील, आणि ज्यांना गड चढवत नाहीत त्यांनाही गडाखालची पहाट मिळेल. पण भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांत जातं आणि तिथली माणसं ते वापरतात. तेव्हा अशी गाडी ठरवताना पलंग किती फुटांचा, टीव्ही आहे का, हे नंतर विचारा. आधी दोन गोष्टी विचारून घ्या: चालक रात्री कुठे झोपणार आणि टाकी कुठे रिकामी होणार. दोन्हींची नीट उत्तरं देणार नाही त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.