मज्जारज्जूची इजा आणि शौचावरचा ताबा

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला शौचावर पुन्हा ताबा मिळेल का, याचा अंदाज गुदद्वाराच्या तपासणीपासून सुरू होतो. रज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाकडून येणाऱ्या नसा हे काम सांभाळतात. तिथे टाचणीची टोच कळते का, बोटाचा दाब जाणवतो का, सांगितल्यावर स्नायू आवळता येतो का, यांवरून इजा पूर्ण की अपूर्ण हे ठरते. यांतले काहीही शिल्लक असेल, तर आशा बरीच वाढते.

पहिल्या दिवसाच्या तपासणीवर मात्र भिस्त ठेवू नये. इजेखालच्या प्रतिक्षिप्त क्रिया काही दिवस, कधी काही आठवडे थंडावलेल्या असतात आणि आतडीही सुस्तावतात. शिवाय शुद्धीचाही प्रश्न असतो. 9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान गर्दीच्या लोकलमधून प्रवासी पडले, काही दगावले. ठाणे-कल्याण पट्ट्याला असे पडणे नवीन नाही. पडून जबर जखमी झालेला माणूस अनेकदा अर्धवट शुद्धीत असतो. त्याच्याकडून टोचणीचे खरे उत्तर कसे मिळणार? म्हणून तीन दिवसांनी पुन्हा केलेली तपासणी अधिक विश्वासार्ह मानतात. वॉर्डबाहेर बाकावर बसलेले नातेवाईक विचारतात ते चालण्याबद्दल. शौचाचा प्रश्न संकोचामुळे ओठांवर येत नाही. तो डॉक्टरांनी आपणहून काढायला हवा.

इजा वरच्या भागात असेल तर आतड्याची प्रतिक्षिप्त क्रिया पुढे परत येते. न्याहारीनंतर अर्ध्या तासाने सपोझिटरी (गुदद्वारात घालायची औषधी वडी) किंवा हातमोजा घातलेल्या, वंगण लावलेल्या बोटाची तिथे हलकी गोलाकार हालचाल, एवढ्याने मळ खाली सरकतो. घरच्यांना वाटते, ताबा आला. तसे नसते. हा ताबा नव्हे, पण याच्या आधाराने रोजची वेळ बांधता येते. रज्जूच्या शेवटच्या टोकाच्या किंवा तिथून निघणाऱ्या नसांच्या इजेत ही क्रियाही जाते, स्नायू सैल पडतो, मळ बोटाने काढावा लागतो आणि खोकल्यासरशी कपडे खराब होतात.

युरोपातील मज्जारज्जू-इजा केंद्रांच्या 2019 मधील एका अभ्यासात पहिल्या 40 दिवसांतील स्नायूशक्तीच्या गुणांवरून शौचाची वर्षानंतरची स्थिती वर्तवली गेली. हे गुण 100 पैकी. निम्मे हातांचे, निम्मे पायांचे. पाय पूर्ण निकामी झाले तरी हात धड असलेल्याचे 50 उरतात, आणि ते मोलाचे. कारण त्या अभ्यासात चांगला निकाल म्हणजे इतरांच्या मदतीशिवाय, नियमित, क्वचितच अपघात होणारे शौच. खुर्चीवरून सरकायला आणि सपोझिटरी घालायला हातच लागतात.

या गुणांत घर मोजलेले नाही. डोंबिवलीतल्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत संडास उकिडवे बसायचा आणि दार इतके अरुंद की व्हीलचेअर आत जात नाही. धडधाकट हातांचा माणूसही तिथे बायकोच्या किंवा आईच्या मदतीवर अवलंबून राहतो. रुग्णालयातून सोडण्यापूर्वी कोणीतरी घरी जाऊन ते दार टेपने मोजले, भोकाची कमोड खुर्ची तिथे फिरते का हे पाहिले, तर वर्तवलेला निकाल प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता वाढते.