छेद कुठे घ्यायचा?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स हा केटी लावणारा, म्हणजे हमखास नापास करणारा विषय म्हणूनच ओळखला जातो. ट्रस, घर्षण, मोमेंट अशा प्रकरणांची ठरावीक गणितं घोटून मुलं पास होतात आणि विषय तिथेच सोडून देतात. यात खरं नुकसान आहे. कारण या विषयात हाताला वळण लागावं अशी गोष्ट मुळात एकच आहे, फ्री बॉडी डायग्राम. वस्तू भोवतालपासून मनाने सोडवून घ्यायची आणि जिथे जिथे तिचा आधार सुटला तिथे बलाचा बाण काढायचा. पुढची समतोलाची समीकरणं बीजगणितातली आहेत, ती कुणालाही सुटतात. कस लागतो तो छेद कुठे घ्यायचा हे ठरवताना.

१९८१ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलचे दोन झुलते मार्ग कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्यांवरचे मार्ग छतापासून खाली आलेल्या अखंड सळयांवर टांगलेले होते. एवढ्या लांब सळईला आटे पाडणं गैरसोयीचं, म्हणून तिचे दोन तुकडे झाले: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली. छतावरचा एकूण भार तेवढाच राहिला, त्यामुळे बदल निरुपद्रवी वाटला. पण चौथ्या मजल्याच्या तुळईखालचा नट तेवढा वेगळा काढून पाहा. आधी त्याच्यावर एका मार्गाचं ओझं होतं, आता दोन्ही मार्गांचं. मूळ जोडणीही नियमांना पुरेशी नव्हतीच, त्यात हा भार दुप्पट झाला. हे कळायला कुठलं प्रगत गणित लागत नाही, पहिल्या वर्षाची आकृती पुरते. ती त्या नटाभोवती कुणी काढली नाही.

‘आता हे सगळं सॉफ्टवेअर करतं,’ असं म्हणतात. स्टॅड किंवा अ‍ॅन्सिस हजारो समीकरणं आपल्यापेक्षा अचूक सोडवतात, यात वादच नाही. पण आधार बिजागरीचा की जखडलेला, हे आपण सांगतो तेच ते मानतात, आणि जी जोडणी मॉडेलमध्ये घातलीच नाही तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. पडद्यावरच्या रंगीत चित्रावर विश्वास ठेवण्याआधी प्रतिक्रियांची बेरीज भाराएवढी येते का, हे कागदावर पाहावंच लागतं.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: आयटीत सुरुवातीचा पगार बरा असताना स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे कोण जाईल? ज्याला घर चालवायचं आहे त्याला याबद्दल दोष देता येत नाही. मात्र मेकॅनिक्सची वाट फक्त इमारती-पुलांकडे जाते, हा समज चुकीचा. चाकणच्या वाहन उद्योगाला लागणारं संगणकावरचं विश्लेषण (सीएई), एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतल्या चाचण्या, अवकाशयानांचे सांगाडे, सगळीकडे तीच आकृती आहे. सांधेरोपणात तर ती थक्क करते. एका पायावर उभ्या माणसाच्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. शरीराचं वजन सांध्यापासून दूर आणि ते तोलणारा स्नायू जवळ, म्हणून त्याला कितीतरी जास्त ओढावं लागतं. कृत्रिम खुबा घडवणाऱ्याचं काम इथूनच सुरू होतं.

म्हणून परीक्षेत एक तरी प्रश्न असा हवा, ज्यात आकडाच नसेल. खऱ्या जोडणीचं चित्र द्यावं आणि एवढंच विचारावं: यातला कुठला भाग वेगळा काढाल, आणि का?