हिंगणघाटची गाठ

गर्दीला इंग्रजीत ‘क्राउड’ म्हणतात हे शाळेपासून पाठ होतं. पण हा शब्द मुळात दाबण्याचा आहे हे वाचलं आणि मी हरखूनच गेलो! जुन्या इंग्रजीत ‘क्रूदान’ म्हणजे रेटणं, ढकलणं, दाबणं. माणसं एकमेकांना रेटतात म्हणून ती क्राउड. मग ‘थ्राँग’ शोधला, तर तोही तसाच. त्याच्या पोटातही दाबणं, जर्मन ‘द्रांग’ त्याचा सख्खा भाऊबंद. ‘क्रॅम’ म्हणजे तर सरळ कोंबणंच. ‘मॉब’ तेवढा वेगळा निघाला. तो ‘चंचल लोक’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीचा तुकडा, त्यात रेटारेटी नाही. पण बाकीचे सगळे दाबणारे!

आणि मग ‘प्रेस’. लॅटिनमधल्या दाबण्यातून निघालेल्या या एका शब्दाचं गोत किती मोठं! प्रेशर त्यातला, इम्प्रेशन त्यातलं, वर्ध्याच्या फलाटावर येणारी एक्सप्रेससुद्धा त्यातलीच. एक्सप्रेस म्हणजे मुळात दाबून बाहेर काढलेलं. त्यावरून स्पष्ट सांगितलेलं, मग खास एका कामासाठी सोडलेली गाडी.

पण खरा आनंद पुढेच होता, हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. ‘हिंगणघाट’ हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका प्रतीचं नाव म्हणून चालत होतं! त्याच धामधुमीत, १८६२ साली, हिंगणघाट ज्यात येतं तो वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला.

आत गेलं की आधी जिन. तिथे सरकी सुटते; वजनाने साधारण एक तृतीयांश रुई हाती येते. ही रुई ओंजळीत घेतली तर वजन जाणवत नाही, इतकी फुगलेली. मग ती प्रेसच्या पेटीत जाते, दट्ट्या दाबत जातो, दाबतच जातो, पट्ट्या आवळल्या जातात आणि बाहेर येते १७० किलोची गाठ. मी बोट रोवून पाहिलं. रुतेना!

तिथल्या माणसांच्या तोंडी दिवसभर तीनच शब्द: जिन, प्रेस, गाठ. जिन म्हणजे ‘एंजिन’चं आखूड रूप, आणि एंजिनच्या मुळाशी लॅटिनमधली उपजत बुद्धी. प्रेसचं वर सांगितलंच. पण गाठ? गाठ आली संस्कृतातल्या ‘ग्रन्थि’वरून, आणि ज्या धातूपासून ग्रन्थि, त्याच धातूपासून ग्रंथ! सुट्या पानांना बांधलं की ग्रंथ, सुट्या रुईला बांधलं की गाठ. तिकडे इंग्रजीतही कापूस दाबणारा प्रेस आणि ग्रंथ छापणारा प्रेस एकच. दोन भाषांनी आपापल्या वाटेने कापूस आणि पुस्तक शेजारी आणून बसवलं आहे. हे सुचलं तेव्हा त्या आवाजात कुणाला सांगावं ते कळेना, शेवटी गाठी मोजणाऱ्या काकांनाच सांगितलं. ते म्हणाले, “हे त आमाले कोणीच नाही सांगतलं.”

आपल्याकडे तरी गर्दी आणि दाब वेगळे कुठे आहेत? जनसंमर्द हा भारदस्त शब्द बघा. त्यातला मर्द म्हणजे मर्दन, चिरडणं. ‘संकट’ मला सगळ्यात आवडला. संस्कृतात संकट म्हणजे मुळात अरुंद, दाटीची जागा. इंग्रजीतली ‘अँग्झायटी’ आवळण्यातूनच आली आणि ‘डिस्ट्रेस’सुद्धा. चेंगराचेंगरीत सापडलेल्याला हे कोशातून शिकावं लागत नाही, पण दूरदूरच्या भाषांना तीच भीती त्याच रीतीने सांगावीशी वाटली, हे मला फार मोठं वाटतं.

दिवाळीनंतर कापूस बाजारात येऊ लागतो. तेव्हा परवानगी काढून एकदा जिनिंग-प्रेसिंग आतून बघाच, आणि शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर त्यांनाही बरोबर न्या.