साखरेच्या गावातली शिकवणी

डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी सांतो दोमिंगो. तिथून समुद्राच्या कडेकडेने पूर्वेला साधारण 70 किलोमीटर गेले, की हिगुआमो नदीच्या मुखाशी सान पेद्रो दे माकोरीस हे शहर लागते. भोवताली उसाचे फड, मधूनच जुन्या साखर कारखान्यांची धुराडी. पण आज जगात या गावाचे नाव आहे ते साखरेसाठी नव्हे, बेसबॉलसाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्यूबातल्या युद्धाला कंटाळून आलेल्या लोकांनी इथे साखरधंदा वाढवला आणि बेसबॉलही आणला. पुढे ऊसतोडीला शेजारच्या इंग्रजी बेटांवरून मजूर आले. त्यांना कोकोलो म्हणतात. त्यांचा खेळ क्रिकेट. पुढच्या पिढीने बॅट बदलली, पण क्रिकेटची खूण राहिली. ‘प्लाकीता’ नावाच्या गल्लीतल्या खेळात गाडीच्या नंबरपाट्या स्टंपांसारख्या उभ्या करतात आणि चेंडू टाकणारा त्या पाडायला बघतो. आपल्या मुलांना हा खेळ शिकवावा लागणार नाही!

खरा बेसबॉल मात्र शिकवावा लागतो. ऊन चढण्याआधी मैदानावर मुले जमतात. खडबडीत जमिनीवरून उसळणारा चेंडू अडवायचा, पाय जुळवून पहिल्या बेसकडे फेकायचा, हे शेकडो वेळा. मग लाकडी बॅटचा सराव आणि साठ यार्डांची, म्हणजे सुमारे 55 मीटरची धाव. हातात घड्याळ घेऊन गुरुजी उभे. अमेरिकन संघाचा माणूस पारखायला येतो, तेव्हा तोही हेच बघतो.

या खासगी गुरुजींना ‘बुस्कोन’ म्हणतात, म्हणजे शोधणारा. गरिबाघरच्या मुलाकडून तो सहसा फी घेत नाही. उलट ग्लव्ह, बूट, खाणे, कधी राहण्याची सोयसुद्धा तोच करतो. मुलाचा करार झाला, की मिळालेल्या रकमेतला वाटा त्याचा. हा वाटा 30 टक्के किंवा त्याहूनही जास्त असतो. करार सोळाव्या वर्षाच्या सुमारास होतो. तोंडी बोलणी मात्र बारा-तेराव्या वर्षीच सुरू झालेली असतात.

आईबापांना मोह पडतो, यात नवल नाही. जवळच्या कोन्सुएलो या कारखान्याच्या वस्तीतला सॅमी सोसा लहानपणी बूटपॉलिश करायचा. 1985 मध्ये त्याचा करार झाला तो 3,500 डॉलरना. 1998 मध्ये त्याने एका हंगामात 66 होमरन मारले. टोनी फर्नांडेझ, अल्फोन्सो सोरियानो, रॉबिन्सन कानो, फर्नांडो तातीस ज्युनियर हे सगळे याच शहराचे. जेमतेम एक कोटी दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या देशाचे सुमारे शंभर खेळाडू अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये असतात.

पण शिकवणी फुकट नसते, तिची किंमत नंतर कळते. दिवसभर सराव करणारा मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षीच शाळेतून सुटतो. वय कमी दाखवण्याचे आणि ताकद वाढवण्यासाठी इंजेक्शने टोचण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. करार मिळणारे थोडे, आणि त्यांतूनही वरच्या लीगपर्यंत पोचणारे अगदीच मोजके. अठराव्या वर्षी परत आलेल्या मुलाजवळ ना खेळ उरतो, ना दाखला. सगळ्या तीस अमेरिकन संघांनी या देशात निवासी अकादम्या काढल्या आहेत. तिथे इंग्रजी आणि शालेय शिक्षणाचीही सोय असते, पण करार झालेल्यांसाठी.

सगळेच बुस्कोन लबाड असतात असे नाही. उपाशी मुलाला पोटभर जेवू घालणारा, बापाच्या मायेने शिस्त लावणाराही त्यांच्यात भेटतो. म्हणून मुलाला त्याच्या हाती सोपवताना वाटा किती, यापेक्षा शाळेचे काय, हा प्रश्न आईने आधी विचारायला हवा.

संध्याकाळी मैदाने रिकामी होतात आणि गल्ल्या भरतात. झाडूचा दांडा ही बॅट आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण हा चेंडू. भिरभिरत येणाऱ्या त्या झाकणावर नजर ठेवून पोरे फटके मारतात. नजर तयार होते ती इथेच. या शिकवणीला वाटेकरी नाही.