तारेवरचे टपाल

दिवाळीपूर्वी माळा झाडण्याचे काम आमच्या घरी अजून माझ्याचकडे आहे. मी पालघरला कॉलेजात मराठी शिकवते. सुट्टी लागली की बोर्डीला येते आणि आल्या दिवशीच ओढणी कमरेला बांधून शिडीवर चढते. यंदा पितळी डब्यांच्या मागे एक कापडी खोळ हाताला लागली. निळ्या फुलांच्या जुन्या चादरीची, कडेला झालर लावलेली. उशीची म्हणावी तर फार मोठी, शिवणयंत्राची म्हणावी तर भलतीच चौरस. खाली उभ्या असलेल्या आईला दाखवली तर ती म्हणाली, "अगं, ती त्याची!" एवढ्यावर मला कळले. आमच्या घरात आलेल्या पहिल्या कॉम्प्युटरला आईने कधी नावाने संबोधले नाही. नाव विचारायचे राहून गेलेल्या पाहुण्यासारखा तो कायम 'तो'च राहिला.

खोळ का शिवली, हे समुद्रकाठी राहणाऱ्याला सांगावे लागणार नाही. घोलवड स्टेशनवर उतरून बोर्डीला आलात की एका हाताला सुरूची झाडे आणि समुद्र, दुसऱ्या हाताला चिकूच्या वाड्या. पाहुण्यांना ही हवा फार मानवते. लोखंडाला मुळीच मानवत नाही. बिजागऱ्या, सायकली, खिडक्यांचे गज, सगळे ती हळूहळू खाऊन टाकते. छत्तीस हजारांचे यंत्र तिच्या तोंडी द्यायला आई तयार नव्हती.

ते छत्तीस हजार दादाचे होते. 1998 च्या जूनमध्ये तो कॅलिफोर्नियाला गेला. जुन्या प्रोग्रामांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत असत. त्यामुळे 2000 साल उजाडले की यंत्रे त्याला 1900 समजतील आणि बँकांचे व्याज, विम्याचे हप्ते, सारा हिशेब शंभर वर्षे मागे जाईल, अशी तेव्हा जगाला धास्ती पडली होती. ते आकडे दुरुस्त करायला आपल्याकडून जी तरुण मुले गेली, त्यांत आमचा दादा. अण्णांना हे कधी पटले नाही. "दोन आकडे लिहायचा यांनी कंटाळा केला, म्हणून माझा मुलगा सातासमुद्रापलीकडे?" असे ते म्हणत, आणि वाडीच्या हिशेबाच्या वहीत स्वतः '98' एवढेच लिहीत.

1999 च्या दिवाळीआधी अण्णा आणि मी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात कॉम्प्युटर जोडून घेतला. 32 एमबी मेमरी, चार जीबीची डिस्क, विंडोज 98, चौदा इंची पडदा. दुकानदाराने हे आकडे अशा अदबीने सांगितले की अण्णांनी एक अक्षर न समजता मान डोलावली. येताना पॅसेंजरमध्ये पडद्याचे खोके त्यांनी घोलवडपर्यंत मांडीवरून खाली ठेवले नाही. विरारला चढलेल्या एका बाईंनी विचारले, "टीव्ही का?" अण्णा म्हणाले, "नाही. टपालपेटी."

ते थट्टा करीत नव्हते. दादाने हा खर्च पत्रांसाठीच केला होता. विमानटपालाने पत्र यायला बारा-पंधरा दिवस लागत, आणि परदेशी फोनची मिनिटे मोजताना निम्मा जीव घड्याळात असे. आपल्या देशात विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. आमच्या घरात ते शिरायला आणखी चार वर्षे गेली. शिरले तेही टेलिफोनच्या तारेतून, आणि बाहेरगावचा नंबर फिरवून. त्यामुळे रात्री अकरानंतर, दर उतरले की मी बसायची. मॉडेम आधी मांजरीसारखा केकाटे, मग खरखरे, आणि शेवटी भरतीची गाज ऐकू यावी तसा एक आवाज काढून गप्प होई. गप्प झाला म्हणजे लागला. दहांतून सहा वेळा तो गप्प होतच नसे. लागला तरी तेवढा वेळ आमचा फोन जगाला बंद. एकदा मी दुपारीच बसले आणि व्यापाऱ्याचा अण्णांना फोन लागला नाही. दोन दिवस काढून ठेवलेले चिकू घरातच पिकले. तो आठवडा आम्ही शेजारपाजाऱ्यांसह चिकूच खात होतो.

पुढे डिसेंबर 2000 मध्ये दादाला मुलगी झाली आणि तिचा फोटो आला. मॉडेमच्या डबीवर छप्पन हजारांचा वेग लिहिला होता. आमच्या तारेवर त्याच्या निम्माही मिळत नसे. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागला. आधी पाळण्याची दांडी, मग जावळ, मग कपाळ. आई पडद्याला नाक लावून बसलेली, अण्णा खास जागे राहिलेले. भुवया दिसल्या आणि तार तुटली. पुन्हा नंबर फिरवला, लागला नाही. त्या रात्री कपाळ आमच्याकडचे आहे असे आईने जाहीर केले. नाक दुसऱ्या रात्री आले. ते व्याह्यांकडचे निघाले, पण तोवर निकाल लागून गेला होता.

मला मात्र या पत्रव्यवहारात एक दुःख होते. मी तेव्हा मराठी घेऊन बी.ए. करीत होते, आणि दादाची मराठी पत्रे येत ती रोमन अक्षरांत. मराठी फाँट नव्हते असे नाही. पुण्याच्या सी-डॅकने आपल्या लिप्या कॉम्प्युटरवर आणायचे मोठे काम केले होते. छापखान्यांतून श्रीलिपी, आकृती चालत होत्या. पण प्रत्येकाची आतली खूण निराळी. एका फाँटात लिहिलेले दुसऱ्याच्या यंत्रावर उघडले की मंत्र उलटे म्हटल्यासारखी अक्षरे दिसत. सर्वांना समान अशा युनिकोडात देवनागरी 1991 पासूनच होती, पण ती आमच्या टेबलापर्यंत पोचायची होती. तेव्हा रोमन. तीत ळ नाही, ण नाही, त आणि ट एकच. ऱ्हस्वदीर्घाचे तर नावच काढू नका. दादा 'काळजी करू नका' असे लिही, मी 'कालजी' वाची आणि आई हसे. बी, ए, एल ही तीन अक्षरे लिहिली तर बल, बाल, बळ, बाळ यांतले काय हवे ते ज्याने त्याने घ्यावे.

त्यामुळे वाचायचे काम माझे. रात्री आई खुर्ची ओढून शेजारी बसे आणि म्हणे, "वाच." मी एकेका ओळीवर बोट ठेवून वाची. आपण घरातले पोस्टमन आहोत याचा मला अभिमानच होता, खोटे कशाला सांगू?

2001 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री तीन ओळींचे पत्र आले. नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, दुसरी शोधतो आहे. मिळेपर्यंत आईला सांगू नकोस, तिचा रक्तदाब तुला ठाऊक आहे.

अमेरिकेतल्या इंटरनेटवाल्या कंपन्यांचे शेअर मार्च 2000 पासून कोसळत होते, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वर्तमानपत्रातली गोष्ट आपल्या घरात येते तेव्हा ती वाचलेली नसल्यासारखीच वाटते. मी पडद्याकडे बघत राहिले. शेजारून आई म्हणाली, "वाच."

मी वाचले. छोटी आता रांगते, सूनबाई बरी आहे, कामाची गर्दी आहे. पुढचे तीन महिने दर आठवड्याला मी दादाचे पत्र रचून वाचत होते. माझे पहिले ललित लेखन म्हणायचे ते हेच, आणि खेदाने सांगते, ते मला आवडू लागले होते. खऱ्या पत्रांत दादा चार ओळींपलीकडे जात नसे. माझा दादा मोकळ्या मनाचा होता, त्याला ऋतू दिसत, त्याला आईच्या हातच्या कालवणाची आठवण येई. सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले तेव्हा आईला तो सुखरूप आहे एवढेच पुरे होते. नोकरीचा विषय आपोआप टळला. ऑक्टोबरात मी त्याच्या अंगणात बर्फ पाडला.

त्याच सुमारास आई म्हणाली, "मला ती बटणं शिकव."

इथे आईविषयी थोडे सांगायला हवे. ती बालवाडीची शिक्षिका. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे अनुताई वाघांच्या हाताखाली आई तयार झाली. पाड्यावरच्या मुलांसाठी विकत घेतलेली साधने कुठून आणणार? शिंपले, चिंचोके, बिया, पाने हीच साधने. त्यांवर मोजणी आणि त्यांवरच अक्षरे. तीच रीत आईने कळफलकाला लावली. "ही अक्षरं अशी कुणी सांडली?" हा तिचा पहिला प्रश्न. टाइपरायटरवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात लावलेला क्रम तसाच चालत आला आहे, असे मी सांगितले. "बदलायला कुणालाच वेळ झाला नाही वाटतं," ती म्हणाली, आणि कॅलेंडरच्या पाठीवर सगळ्या बटणांचे चौकोन आखून एकेका चौकोनावर शिंपला ठेवून बसली. ज्या अक्षराची जागा डोळे मिटून सापडेल, तो शिंपला उचलायचा. आठ-दहा दिवसांत कॅलेंडर मोकळे झाले. मी कौतुक केले. यात मला भिण्यासारखे काही दिसले नाही. पेटीची कळ, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे होती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रात्री मी पेटी उघडली, तर पाठवलेल्या पत्रांत मी न लिहिलेले एक पत्र होते. आदल्या दुपारचे. तेही रोमन लिपीत. देवनागरीत उतरवायचे तर: मला समजले. इथे घर आहे. आणि त्यापुढे दोनच शब्द, मध्ये काही खूण नाही. दुसरा शब्द 'सांभाळ'. पहिला बी, ए, एल.

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर नुसती नक्षत्रे उमटतात. पण बोटे उघडीच असतात, आणि आईला सगळी बटणे पाठ होती.

मी स्वयंपाकघरात गेले. ती दूध विरजत होती.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच रात्री."

"कसं?"

"बालवाडीत पोरं पाठ केलेलं वाचून दाखवतात ना, तेव्हा बोट ओळीवर असतं आणि डोळे भिंतीवर. तुझे डोळे भिंतीवर होते." मग झाकण ठेवता ठेवता म्हणाली, "आणि त्याच्याकडे बर्फ पडत नाही. त्यानंच पहिल्या पत्रात लिहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय झालंय ते कळायला नको? ते वाचण्यापुरतं शिकेपर्यंत थांबले."

मला रागवावे, असे फार वाटत होते. ती रागावली नाही. त्यानंतरही रात्री मी वाचायला बसे तेव्हा ती येऊन बसे. फक्त 'वाच' म्हणत नसे, स्वतःच ओळीवर बोट ठेवी. चुकली की मी सांगायची नाही, असा तिचा नियम होता.

दादाला पुढच्या एप्रिलमध्ये नोकरी मिळाली, कमी पगाराची, दुसऱ्या गावात. तो कॉम्प्युटर 2004 च्या पावसाळ्यात विजेच्या एका कडकडाटात गेला. पत्रांची पेटी आम्ही बरेच महिने उघडली नाही, म्हणून कंपनीने ती बंद करून आतले सगळे पुसून टाकले. अण्णांना 1970 च्या सुमारास आलेली आंतर्देशीय पत्रे कपाटात अजून आहेत. दादाची ती साडेचार वर्षांची पत्रे नाहीत. माझी बनावट तर मुळात लिहिलेलीच नव्हती.

आईची ती ओळ तेवढी राहिली, कारण दादाने ती तिकडे एका कार्डाच्या पाठीवर उतरून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा पाकिटातून त्याने ती काढून दाखवली. ते दिवस वाईट होते, तो म्हणाला. सूनबाई मिळेल ते काम शोधीत बाहेर, तो घरी मुलीपाशी. सकाळी त्याला ते 'बळ सांभाळ' असे दिसे. दुपारी मुलगी रडू लागली की 'बाळ सांभाळ'. आणि रात्री सगळे निजले की मधे थांबून, 'बाळ, सांभाळ'.

आई ओट्यावर बसून फोनवर भाचीला निरोप सांगत होती. आता ती बोलते आणि फोन लिहितो. ळ, ण सगळे जागच्या जागी. दादाने कार्ड तिच्यापुढे धरले आणि बावीस वर्षे राहिलेला प्रश्न विचारला. तिने चष्मा वर करून ओळीवरून बोट फिरवले, दोन शब्दांच्या मधल्या जागेवर थांबवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "स्वल्पविराम कुठे असतो, ते हिनं शिकवलंच नव्हतं मला."